एंड कॅप

पाण्याचं काम माझ्याकडे.
तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या मोटारीशेजारी
कार्बनची टाकी, मिठाची टाकी, चार लांब पांढरी नळकांडी
आणि एक वही.
वहीत रोज सहा आकडे, खाली सही: अ. द. शिरसाठ.

गुरुवारी पर्वतीहून पाणी बंद असलं की टँकर येतो.
कुठून भरला, विचारलं तर ड्रायव्हर म्हणतो, धायरी.
पुढच्या वेळी म्हणतो, वडगाव.
मी म्हणतो, बरं. इथे सगळंच गाळून निघतं.

खाली कुदळेकाका. सोम-बुध-शुक्र, सकाळची पाळी.
खडकीच्या दारूगोळा कारखान्यात सदतीस वर्षं,
आता दिवसाला अर्धा लिटर पाणी,
चहा, आमटी, गोळीबरोबरचा घोट, सगळं धरून.
आणि इथे चार तासांत
त्यांच्या रक्ताच्या कडेकडेनं माझं एकशेवीस लिटर जातं.
मध्ये एक पडदा,
कांद्याच्या पापुद्र्यापेक्षाही पातळ.
‘शिरसाठ,’ ते म्हणायचे, ‘एवढं पाणी आणि एक घोट नाही.
हे टेंडर कुणी भरलं होतं रे?’

एप्रिलमधला बुधवार. बाहेर टिंबर मार्केटचा रस्ता तापलेला.
पावणेनऊला कुदळेकाकांना हुडहुडी भरली.
दोन ब्लँकेटं, तरी दात वाजतायत,
खाट वाजतेय.
मग चार नंबरच्या बागवान चाची.
मग औंधच्या आयटीआयमधला तो पोरगा,
मोबाईल हातातून खाली पडला तरी त्याला कळलं नाही.
सिस्टर जेसिंतानं भराभर मशिनं थांबवली
आणि जिन्यातून वर बघून म्हणाली:
‘एकाला थंडी वाजली तर ताप असेल.
तिघांना वाजली, शिरसाठ, तर पाणी.’

तपासणी सात दिवसांची.
हे जंतू गरीब पाण्यातले,
कमी खातात, सावकाश वाढतात, घाई त्यांना माहीत नाही.
सातव्या दिवशी रणदिवे मॅडमनी बशी उजेडात धरली.
भिजवलेला साबुदाणा पसरावा तसं.
‘किती?’
‘एवढे मोजत नाहीत.’

मग नळी उकलत उकलत गेलो
नऊ नंबरच्या मागे.
तिथलं मशीन दोन वर्षांपूर्वी भंगारात गेलं.
त्याच्यासाठी फुटलेली वीतभर नळी तेवढी राहिली,
तोंडाला एंड कॅप.
मीच बसवलेली. टेफ्लॉनचे पाच वेढे देऊन.
एक थेंब गळला नाही दोन वर्षांत,
याचा मला अभिमान होता.

बोट घातलं.
माठाच्या बुडाशी लागतं तसं बुळबुळीत.
जे पाणी कुठेच जात नाही
ते काय करणार? घर करणार.

अजून एक सांगायचं राहिलं.
नमुना घ्यायचा असतो लूपच्या शेवटच्या टोकाला.
ते टोक खाटांच्या मागे. पेशंटला उठवा, पडदे सरकवा.
मी घ्यायचो वरच्या नळाचा, टाकीला लागून.
महिन्याला एक बाटली, तेवीस महिने,
तेवीस वेळा ‘समाधानकारक’.
चौकशीत हे कुणी विचारलं नाही.
मी सांगितलं. जोशात नाही, बाहेर पडता पडता, चपला घालताना.

सोम-बुध-शुक्र, सकाळची पाळी
आता भोसरीच्या एका बाईंना दिलीय.
कुदळेकाकांचा मुलगा एकदा येऊन गेला, डिपॉझिटच्या पावतीसाठी.
माझ्याकडे बघून हसला.
त्याला माहीत नव्हतं मी कोण.

बागवान चाची बारा दिवसांनी परत आल्या.
‘पानी बदललं का रे?’
‘नळी बदलली, चाची.’
‘आणि पानी?’
‘पाणी तेच.’
त्यांनी बर्फाचा खडा गालात सरकवला,
आणि सुई टोचायला हात पुढे केला,
माझ्याकडे बघतच.

कॅप अजून माझ्या डब्याच्या पिशवीत आहे.
पिवळी बादली, लाल, निळी, पांढरी:
कशात काय टाकायचं याचा तक्ता भिंतीवर आहे.
तिचं नाव त्यात नाही.